फोन नंबर साफ करताना काय टाकायचं आणि काय जपायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोंदणीच्या फॉर्ममध्ये लोक फोन नंबर वाटेल तसे भरतात. कोणी मधे स्पेस देतं, कोणी डॅश, कोणी कंस. कोणी पुढे प्लस लावतं, कोणी शून्य. हे सगळं एका रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुराचा साचा सांगणाऱ्या खुणांच्या ओळीत, बसवायला घेतलं, रेगेक्स लांबत गेला, तरी चांगले नंबर नाकारले जातात आणि चुकीचे आत शिरतात. शिवाय आधीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तशाच पडून आहेत. त्यांचं काय करायचं?

रेगेक्स लांबतोय, कारण त्याच्यावर तीन निरनिराळ्या कामांचा भार टाकलाय. पहिलं काम साफ करण्याचं: एकच नंबर दहा जणांनी दहा प्रकारे लिहिला, तर त्याचं एकच रूप करायचं. दुसरं तपासणीचं: त्या देशाच्या नंबररचनेत असा नंबर असू शकतो का. तिसरं पडताळणीचं: हा नंबर आज चालू आहे का आणि तो याच माणसाच्या हातात आहे का. पहिल्या कामाला रेगेक्स थोडीफार मदत करतो, दुसऱ्यात लवकरच अडखळतो आणि तिसऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. कोडमध्ये ही तीन कामं तीन ठिकाणी ठेवा. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

आता साफ करण्याकडे येऊ. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते लवकर लक्षात येत नाही. मी सुरुवातीच्या दिवसांत एका कामासाठी दोन ओळींचं फंक्शन लिहिलं होतं: अंक सोडून बाकी सगळं काढून टाक, मग शेवटचे दहा अंक ठेव. चाचणीत छान चाललं. मग ब्रिटनमधल्या ग्राहकांच्या नोंदी आल्या. त्यांत बऱ्याच कार्यालयांचे नंबर होते आणि पुढे एक्स्टेंशन, म्हणजे कार्यालयातल्या आतल्या फोनचा नंबर, लिहिलेलं होतं. नमुना म्हणून हा नंबर घ्या. तो नाटक-सिनेमांत वापरण्यासाठी राखून ठेवलेल्या मालिकेतला आहे:

०२० ७९४६ ०१२३ एक्स्टेंशन ४५

अंक सोडून सगळं काढलं की तेरा अंक उरतात: ०२०७९४६०१२३४५. त्यातले शेवटचे दहा घेतले की ७९४६ ने सुरू होणारा दहा अंकी नंबर हाती येतो. ब्रिटनमध्ये मोबाइल नंबर पुढचं शून्य सोडल्यास ७ ने सुरू होतात आणि दहा अंकी असतात. म्हणजे लंडनमधल्या कार्यालयाच्या लँडलाइनचा माझ्या फंक्शनने चक्क मोबाइल करून टाकला. लांबी बरोबर, सुरुवात बरोबर, कुठलीही तपासणी तो अडवणार नाही. पण तो नंबर भलत्याच कोणाचा तरी असू शकतो. मी मूळ मजकूर पुसून त्याच कॉलममध्ये नवा नंबर लिहिला होता, त्यामुळे माघारी जायला वाटच उरली नाही. बॅकअप मिळाला म्हणून निभावलं. तेव्हापासून मी एक गोष्ट कधीच सोडलेली नाही: माणसाने जे टाइप केलं ते जसंच्या तसं वेगळ्या कॉलममध्ये ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. साफ करण्याचं कोड चुकलं तर ते दुरुस्त करून पुन्हा चालवता येतं. मूळ मजकूर गेला की काहीच करता येत नाही.

'अंक सोडून सगळं काढा' हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो अर्धवट का आहे ते याच उदाहरणात दिसतं. अंक नसलेल्या खुणांनाही अर्थ असतो. 'एक्स्टेंशन' हा शब्द सांगतो की इथे एक नंबर संपला आणि पुढचे अंक दुसऱ्याच कामाचे आहेत. तिरकी रेघ सांगते की इथे दोन नंबर आहेत. आणि '०७७०० ९००१२३ / ४५६' असं लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं की दुसऱ्या नंबरचे फक्त शेवटचे तीन अंक वेगळे आहेत. कोणी लिहितं, '०७७०० ९००१२३ (संध्याकाळी ६ नंतर)'. सरसकट अंक गोळा केले तर तो ६ नंबरच्या शेपटाला चिकटतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मजकुराचे तुकडे पाडा, त्यातला नंबर कुठला ते ठरवा, एक्स्टेंशन वेगळ्या फील्डमध्ये काढा आणि मगच उरलेल्या तुकड्यातून स्पेस, डॅश, टिंब आणि कंस काढा. ज्या तुकड्यात अक्षरं उरतात किंवा दोन नंबर दिसतात, तो गुपचूप दुरुस्त करायचा नाही. माणूस समोर असेल तर त्याला विचारायचं, नसेल तर नोंद बाजूला काढायची.

प्लसचं चिन्ह तर मुळीच टाकायचं नाही. बरेच जण त्याला शोभेची वस्तू समजतात. प्लसचा अर्थ आहे, 'यापुढचे अंक देशाच्या कोडपासून सुरू होतात'. तो काढला की बाकीचे अंक देशी पद्धतीचे की आंतरराष्ट्रीय, हे अंदाजाने ठरवावं लागतं. आणि अंदाज कसा फसतो ते देशाचा कोड ९१ असलेल्या नंबरांवरून पाहा. भारतात मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. त्यातले पुष्कळ नंबर मुळातच ९१ ने सुरू होतात. 'सुरुवातीला ९१ असेल तर काढा' अशी ओळ कोणी लिहिली की अशा प्रत्येक माणसाचा नंबर आठ अंकी होतो, मग 'नंबर अपुरा आहे' म्हणून फॉर्म त्यालाच दोष देतो. प्लस असेल तर प्रश्नच येत नाही. नसेल तर नुसती सुरुवात न बघता लांबीही बघायची: एकूण बारा अंक असतील आणि सुरुवात ९१ ने असेल, तरच ते देशाचा कोड म्हणून काढायचे.

हा प्लस वाटेत हरवतोही. वेब पत्त्यातून नंबर पाठवताना प्लस योग्य प्रकारे एन्कोड केला नाही, म्हणजे ठरलेल्या खुणांत बदलला नाही, तर पलीकडे त्याची स्पेस होते, कारण फॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये प्लस म्हणजे स्पेस. मग सर्व्हरवर आलेल्या मजकुराच्या कडेच्या स्पेस आपण छाटतो आणि प्लसचा मागमूसही राहत नाही. 'ग्राहक प्लस लिहितच नाहीत' अशी तक्रार माझ्याकडे आली की मी आधी एन्कोडिंग बघते. टक्केचिन्ह, दोन आणि इंग्रजी बी, म्हणजे प्लसचं एन्कोड केलेलं रूप, सर्व्हरपर्यंत पोचतंय की नाही ते पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

सुरुवातीच्या शून्याचंही तसंच. '+४४ (०)२० ७९४६ ०१२३' असं लेटरहेडवर सर्रास छापतात. वाचणाऱ्याने समजून घ्यायचं असतं की देशातून फोन करताना शून्य लावा, बाहेरून करताना सोडा. कंस काढून अंक जोडले तर देशाच्या कोडनंतर एक जादा शून्य राहतं आणि फोन लागत नाही. यावर कोणी नियम करतं: देशाच्या कोडनंतर शून्य आलं तर काढा. ब्रिटनला हा नियम चालतो. इटलीत तोच नियम नंबर मोडतो. तिथल्या लँडलाइनच्या नंबरमधलं पहिलं शून्य हा नंबरचाच भाग आहे. रोमला बाहेरून फोन करतानाही +३९ ०६ असंच लावावं लागतं. रशियात तर देशातल्या देशात फोन करताना पुढे लावायचा अंक शून्य नसून ८ आहे. आंतरराष्ट्रीय कॉलसाठी पुढे लावायचे अंकही जागोजागी निराळे: बहुतेक देशांत ००, अमेरिका-कॅनडात ०११, जपानमध्ये ०१०, ऑस्ट्रेलियात ००११. हे सगळं स्वतःच्या इफ-एल्समध्ये कोंबायचं कारण नाही, त्याबद्दल पुढे लिहिते. इथे एवढंच लक्षात घ्या की देश माहीत असल्याशिवाय नंबरचा अर्थ लागत नाही. म्हणून फॉर्ममध्ये देश निवडायला द्या किंवा नोंदीतल्या पत्त्यावरून घ्या, आणि तो साफ करणाऱ्या फंक्शनला नंबरसोबत पाठवा. एकटी स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, घेऊन नंबर परत देणारं फंक्शन दिसलं की समजायचं, देश त्याने स्वतःच कुठेतरी गृहीत धरलाय.

उलट दिशेने मात्र जाऊ नका. नंबरवरून देश ओळखता येईल असं वाटतं, पण +१ हा कोड अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले अनेक देश मिळून वापरतात, +७ रशिया आणि कझाकस्तान मिळून, आणि +४४ मध्ये ब्रिटनबरोबर जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅनही आहेत. कराचा दर किंवा चलन ठरवण्यासाठी फोनचा कोड वापरणं चूक आहे.

आता जे डोळ्यांना दिसत नाही त्याबद्दल. लोक नंबर टाइप करतात त्याहून जास्त वेळा तो कुठूनतरी कॉपी करून चिकटवतात, आणि त्यासोबत अदृश्य अक्षरं येतात: न तुटणारी स्पेस, शून्य रुंदीची स्पेस, मजकुराची दिशा सांगणाऱ्या खुणा. संपर्क यादीतून उचललेल्या नंबरच्या पुढे-मागे दिशेच्या खुणा मी अनेकदा पाहिल्यात. स्क्रीनवर नंबर अगदी शुद्ध दिसतो आणि कोड म्हणतं अवैध. वापरणारा बिचारा तोच नंबर पुन्हापुन्हा चिकटवत राहतो. साध्या डॅशऐवजी लांब डॅश किंवा न तुटणारा डॅशही येतो. म्हणून 'काय काढायचं' याची यादी करताना कीबोर्डवर दिसणाऱ्या चिन्हांवर थांबू नका. युनिकोडमधले, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या अक्षरांच्या सामायिक यादीतले, स्पेस, डॅश आणि फॉरमॅट हे गटच्या गट घ्या.

अंकही एकाच लिपीत येतील असं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचा कीबोर्ड देवनागरी अंक देतो आणि ते नंबर भरताना तेच वापरतात. यात त्यांची काहीच चूक नाही. ०७७०० चा अर्थ लिपी बदलली म्हणून बदलत नाही. गंमत अशी की एकच रेगेक्स दोन ठिकाणी दोन उत्तरं देतो. 'कोणताही अंक' सांगणारी बॅकस्लॅश-डी ही खूण जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) ओळखते. पायथन ३ मध्ये साध्या स्ट्रिंगवर ती देवनागरी, अरबी असे सगळे युनिकोड अंक ओळखते. म्हणजे तपासणी फक्त पायथनच्या सर्व्हरवर असेल तर देवनागरी नंबर पास होऊन तसाच डेटाबेसमध्ये जातो, आणि पुढे इंग्रजी अंकांचीच अपेक्षा धरून बसलेल्या एसएमएस गेटवेकडे (संदेश पोचवणाऱ्या सेवेकडे) जाऊन अडकतो. युनिकोडचं एनएफकेसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, केलं म्हणजे झालं, असंही नाही: ते जपानी कीबोर्डवरचे पूर्ण रुंदीचे अंक साधे इंग्रजी करतं, देवनागरी अंकांना हात लावत नाही. प्रत्येक अक्षराचं अंकमूल्य विचारून त्याजागी इंग्रजी अंक ठेवायचा, हा खात्रीचा मार्ग. दोन-तीन ओळींचं काम आहे, आणि ते सगळ्यात आधी, बाकीची साफसफाई सुरू होण्यापूर्वी करायचं.

शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर टाइप झालं तर? आपोआप शून्य करायचा मोह होतो. पण काही देशांत नंबर अक्षरांत लिहायची पद्धत आहे आणि फोनच्या कीपॅडवर ओ म्हणजे ६. म्हणून इथे ठरवून न टाकता विचारावं.

रेगेक्स लिहायचाच असेल तर शेवटाकडे लक्ष द्या. पायथनमध्ये शेवटची खूण म्हणून डॉलर वापरला, तर नंबरनंतर आलेल्या नव्या ओळीकडे तो दुर्लक्ष करतो आणि ती ओळ नंबरसोबत आत जाते. रूबीत कॅरट (सुरुवातीची खूण) आणि डॉलर या खुणा पूर्ण मजकुराच्या नसून प्रत्येक ओळीच्या आहेत. बहुओळी मजकुरातली एक ओळ नंबरसारखी असली की सगळा मजकूर पास. ही सुरक्षेची भोकं आहेत.

आता दुसरं काम, तपासणी. इथे माझा सल्ला स्पष्ट आहे: स्वतः लिहू नका. गूगलची लिबफोननंबर ही मुक्त स्रोत लायब्ररी जावा, सी प्लस प्लस आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे. पायथन, पीएचपी आणि इतर भाषांसाठी लोकांनी तिची रूपं केली आहेत. तिच्यात देशोदेशीच्या नंबररचनांची माहिती भरलेली असते आणि ती नियमित अद्ययावत होते. इटलीचं शून्य, रशियाचा ८, अर्जेंटिनात मोबाइलसाठी देशाच्या कोडनंतर येणारा ९, हे सगळं तिला ठाऊक आहे. मात्र देवनागरी अंकांच्या बाबतीत तिची सगळी रूपं सारखी वागत नाहीत, म्हणून वर सांगितलेलं अंकांचं रूपांतर आपणच आधी करून घ्यावं.

तिच्यात दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. एक: असा नंबर संभवतो का? यात मुख्यतः लांबी बघितली जाते. दोन: नंबर वैध आहे का? यात वाटप झालेल्या मालिकांशी ताडून पाहिलं जातं. दुसरा प्रश्न जास्त कडक, म्हणून तोच फॉर्मवर लावावा असं वाटतं. मी तसं करत नाही. नंबररचना बदलत असतात. आयव्हरी कोस्टने ३१ जानेवारी २०२१ रोजी आठ अंकी नंबर दहा अंकी केले. मेक्सिकोने २०१९ मध्ये मोबाइलसाठी देशाच्या कोडनंतर लावायचा १ काढून टाकला. ब्राझीलमध्ये मोबाइलला नववा अंक जोडण्याचं काम २०१२ मध्ये साओ पाउलोपासून सुरू झालं आणि २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. भारतात ६ ने सुरू होणारे मोबाइल आले तेव्हा '७, ८ किंवा ९ ने सुरू झालंच पाहिजे' म्हणणारे असंख्य रेगेक्स एका रात्रीत चुकीचे ठरले आणि नवा नंबर घेतलेली माणसं फॉर्मच्या दारातच अडकली. तुमच्या सर्व्हरवरची लायब्ररी दीड वर्ष जुनी असेल तर 'वैध नाही' याचा अर्थ 'मला अजून माहीत नाही' एवढाच असू शकतो.

म्हणून संभवत नसलेला नंबर फॉर्मवर अडवा. संभवतो पण वैध दिसत नाही, अशा नंबरवर थांबवून विचारा: 'हा नंबर नेहमीसारखा दिसत नाही. एकदा बघून घ्याल का?' माणूस हो म्हणाला तर पुढे जाऊ द्या आणि नोंदीवर खूण करा. स्वतःचा नंबर त्याला तुमच्या कोडपेक्षा चांगला माहीत असतो.

संदेश लिहितानाही थोडी मेहनत घ्या. लायब्ररी कारण देते: लहान आहे, लांब आहे, देशाचा कोड चुकीचा आहे, एरिया कोड नसावा. ते कारण माणसाच्या भाषेत सांगा. 'अवैध इनपुट' वाचून कोणालाच काही कळत नाही; 'एक अंक कमी वाटतोय' म्हटलं की तो नजर फिरवतो आणि चूक सापडते. 'स्पेस देऊ नका', 'डॅश नको' अशा सूचना फॉर्मवर लिहिलेल्या दिसल्या की मला मनापासून वाईट वाटतं. स्पेस काढायला संगणकाला काहीच लागत नाही. नंबर गटागटाने लिहिणाऱ्याला तो वाचायला आणि तपासायला सोपा जातो, म्हणून तो तसं लिहितो.

आणखी एक सापळा. 'फक्त मोबाइल नंबर हवा' अशी अट असेल तर लायब्ररीने दिलेला प्रकार 'मोबाइल' आहे का एवढंच बघू नका. अमेरिकेत लँडलाइन आणि मोबाइल नंबरवरून वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे तिथे उत्तर 'लँडलाइन किंवा मोबाइल' असं तिसरंच येतं. हा प्रकार स्वीकारायचं विसरलात, तर अमेरिकेतले जवळपास सगळे ग्राहक बाहेर राहतील.

साठवण्याचं थोडक्यात. साफ नंबर ई.१६४ या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रूपात ठेवा: प्लस, देशाचा कोड, पुढचे अंक, मधे काही नाही. देशाचा कोड धरून जास्तीत जास्त १५ अंक, प्लससह १६ अक्षरं. स्पेस घालून सुंदर दाखवणं हे स्क्रीनचं काम, डेटाबेसचं नाही. कॉलम मजकुराचा असू द्या, आकड्याचा नको. नंबरांची कोणी बेरीज करत नाही, आणि आकडा केला की पुढचं शून्य आणि प्लस दोन्ही जातात. त्याहून वाईट म्हणजे साध्या ३२ बिटी इंटिजरची (पूर्णांकाच्या कॉलमची) कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे, म्हणजे बरेचसे दहा अंकी नंबर त्यात मावतच नाहीत. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्ट्रिक्ट मोड (कडक तपासणी) बंद असेल तर मोठा आकडा चूक न दाखवता त्या मर्यादेवर आणून ठेवला जातो. एखाद्या टेबलात शेकडो ग्राहकांचा एकच नंबर दिसला आणि तो हाच असला, तर काय झालंय ते ओळखायला वेळ लागत नाही. ते मूळ नंबर मात्र त्या टेबलातून परत मिळत नाहीत.

साफ नंबराशेजारी मूळ मजकूर, निवडलेला देश, एक्स्टेंशन, पडताळणीची वेळ आणि लायब्ररीची आवृत्ती ठेवा. आवृत्ती कशाला, असं वाटेल. रचना बदलली की कुठल्या नोंदी पुन्हा तपासायच्या ते तिच्यावरून ठरतं. फोन नंबरला प्रायमरी की, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख, करू नका. घरातली चार माणसं एक नंबर देतात, आणि सोडलेले नंबर काही काळाने दुसऱ्याला दिले जातात. अमेरिकेत तर ही थांबण्याची किमान मुदत ४५ दिवस आहे. गोपनीयतेसाठी नंबरऐवजी नुसता हॅश, म्हणजे नंबरवरून गणिताने काढलेली खूण, ठेवणं पुरेसं नाही. दहा अंकांचे सगळे पर्याय करून हॅश जुळवून बघणं आजच्या संगणकाला जड नाही.

फॉर्मवर इनपुटचा प्रकार 'टेल' ठेवा, 'नंबर' नको. 'टेल' मोबाइलवर अंकांचा कीपॅड उघडतो आणि स्वतःचा कुठलाही साचा लादत नाही, कारण जगभराचा एक साचा नाहीच. 'नंबर' हा प्रकार प्रमाण आणि मोजमापासाठी आहे. त्यात स्पेस, कंस बसत नाहीत आणि माउसचं चाक फिरलं तर काही ब्राउझरमध्ये किंमतच बदलते.

तिसरं काम, पडताळणी, फक्त ओटीपी किंवा प्रत्यक्ष फोनने होते. पाठवण्याआधी देश तुमच्या परवानगीच्या यादीत आहे का, नंबर जादा दराच्या प्रकारातला नाही ना, हे बघा आणि वेगावर मर्यादा घाला. महागड्या मार्गांवरच्या नंबरांना मुद्दाम ओटीपी मागवून त्या पैशातला वाटा खाणाऱ्या टोळ्या आहेत, आणि बिल तुम्हाला येतं.

राहिल्या जुन्या नोंदी. बहुतेक वेळा त्या एखाद्या एक्सेल फाइलमधून फिरून आलेल्या असतात, म्हणून आधी तिथली जखम शोधा. एक्सेल पुढचं शून्य आणि प्लस गाळतं हे सगळ्यांना माहीत असतं. बारा अंकी नंबर ते वैज्ञानिक रूपात दाखवतं, आणि फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर) म्हणून जतन केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं. ४४७७००९००१२३ हा नंबर '४.४७७०१ई+११' होऊन बाहेर पडतो. त्यावर 'अंक सोडून सगळं काढा' चालवलं तर ४४७७०१११ असे आठ अंक मिळतात. आठ अंकी नंबर वापरणारे देश आहेत, तेव्हा हा कचराही कुठेतरी खरा वाटू शकतो. म्हणून ई आणि प्लस एकत्र दिसणाऱ्या नोंदी साफ करायला घेण्याआधीच वेगळ्या काढा. त्यातले अंक गेलेले आहेत, मूळ फाइल मिळाली तरच परत येतील.

मग प्रत्येक नोंदीच्या पत्त्यातला देश घेऊन, डेटाबेसमध्ये काहीही न लिहिता एकदा पूर्ण फेरी चालवा. तीन ढीग होतील. प्लससह आलेले आणि वैध ठरलेले नंबर बिनधास्त नव्या कॉलममध्ये टाका. देश गृहीत धरून वैध ठरलेले टाका, पण 'गृहीत' अशी खूण ठेवा, आणि त्यातले शे-दोनशे स्वतःच्या डोळ्यांनी मूळ मजकुराशेजारी ठेवून वाचा. हे वाचन कंटाळवाणं आहे आणि मी ते कधीही चुकवत नाही. प्रत्येक वेळी असा एखादा लिहिण्याचा प्रकार सापडतो जो माझ्या डोक्यातही आला नव्हता. तिसरा ढीग न जमलेल्यांचा. त्यांच्यावर नवनवे नियम लावून तो शून्यावर आणायचा हट्ट धरू नका; तो ग्राहक पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा त्यालाच नंबर विचारा.

या सगळ्यासाठी चाचण्यांचा एक तक्ता ठेवा: डावीकडे आलेला मजकूर आणि देश, उजवीकडे अपेक्षित उत्तर किंवा 'विचारा'. नमुने राखीव मालिकांतून घ्या, म्हणजे चुकून संदेश गेलाच तर कोणाच्या फोनवर वाजणार नाही: ब्रिटनसाठी ०७७०० ९००००० ते ९००९९९, उत्तर अमेरिकेसाठी ५५५-०१०० ते ५५५-०१९९. त्या तक्त्यात देवनागरी अंकांची एक ओळ, अदृश्य स्पेसची एक, कंसातल्या शून्याची एक, इटलीची एक आणि 'संध्याकाळी ६ नंतर' ची एक पहिल्याच दिवशी घाला. पुढे ज्या ज्या ग्राहकाचा नंबर अडकेल, त्याने लिहिलेली पद्धत राखीव अंक घालून त्याच दिवशी तक्त्यात उतरवा.